पद्मेवरील एकांत आणि त्याचा श्रोता

रवींद्रनाथांच्या ‘छिन्नपत्रा’चा विषय निघाला की एक चित्र आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते. पद्मेच्या विस्तीर्ण पात्रात थांबलेली नौका, तिच्या खिडकीशी बसलेला तरुण कवी, समोर वाळवंट, वर आकाश, आणि आसपास चिटपाखरू नाही. एकांतवासी द्रष्टा कवी ही जी प्रतिमा भारतीय वाचकांच्या मनात रूढ झाली आहे, तिला या चित्राचा मोठाच आधार आहे. हे चित्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण काही अंशी संपादनाने व भाषांतराने निर्माण केलेले आहे. म्हणून ते पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

1887 ते 1895 या काळात रवींद्रनाथांनी आपली पुतणी इंदिरादेवी हिला ही पत्रे लिहिली. वडिलांच्या आज्ञेने जमीनदारीचा कारभार पाहण्यासाठी त्यांना शिलाईदह, शाहजादपूर, पतिसर या ठिकाणी नदीमार्गाने हिंडावे लागे. इंदिरादेवींनी ही पत्रे वह्यांत उतरवून घेतली व त्या वह्या काकांच्या स्वाधीन केल्या. 1912 साली ‘छिन्नपत्र’ प्रसिद्ध करताना रवींद्रनाथांनी त्यांतील घरगुती व खाजगी मजकूर काढून टाकला. कित्येक पत्रे समूळ वगळली. 1921 साली निघालेला इंग्रजी अवतार तर निवडीतूनही निवड करून सिद्ध झाला. त्याचे भाषांतरकार सुरेंद्रनाथ हे इंदिरादेवींचे बंधू, हा एक लक्षणीय योगायोग. अखेर 1960 साली ‘छिन्नपत्रावली’ या नावाने वह्यांतील पत्रे विस्ताराने प्रकाशात आली, आणि 2014 साली रोझिंका चौधुरी यांच्या भाषांतरामुळे ती इंग्रजी वाचकांसही उपलब्ध झाली.

दीडशेच्या आसपास असलेली पत्रे अडीचशेच्या घरात गेली. परंतु खरा फरक या संख्येत नाही. पहिल्या संग्रहात गाळले गेले होते ते मुख्यतः पत्राचे पत्रपण. थट्टा, रुसवा, प्रकृतीच्या तक्रारी, घरच्या माणसांच्या चौकश्या हा भाग गेला, आणि उरले ते निसर्गचिंतन. जे एका व्यक्तीला सांगितलेले होते ते जणू कोणालाही उद्देशून नसलेले स्वगत झाले. बंगालीबाहेरच्या वाचकाने या स्वगतालाच कवीचा एकांत मानले, तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हाती तेवढेच आले होते.

विस्तारित संग्रहातील कवी एकटा आहे, पण त्याच्या एकटेपणाला श्रोता आहे. 1894 मधील एका पत्रात, या पत्रांत आपले मन जसे उघडे होते तसे अन्य कोणत्याही लेखनात होत नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. आणि त्याचे श्रेय त्यांनी ऐकणाऱ्या मनाला दिले आहे. पाहिलेली गोष्ट कोणाला तरी सांगावयाची आहे, या जाणिवेने दृष्टी अधिक सावध होते. शाहजादपूरच्या घाटावरून सासरी निघालेली मुलगी, डोलकाठीचे लाकूड लोळवीत खेळणारी मुले, संध्याकाळी गप्पा मारावयास येणारा पोस्टमास्तर ही माणसे प्रथम पत्रांत आली, आणि मग ‘समाप्ती’, ‘छुट्टी’, ‘पोस्टमास्टर’ या कथांत त्यांना दुसरा जन्म लाभला. रवींद्रनाथांची कथा ज्या एकांतात घडली, त्या एकांताची बैठक संवादाची होती.

याहून अडचणीचा प्रश्न निराळाच आहे. नौकेच्या खिडकीतून काठाकडे पाहणारा हा पुरुष कोण? तो त्या काठाचा जमीनदार आहे. रयतेने आपल्याला मोठा मानावे याचे त्याला हसू येते, आपण सोंग वठवीत आहोत असे वाटते. तरीही सोंग उतरत नाही. 1893 च्या जुलैमधील पत्रात अकाली पूर आल्यामुळे अपक्व भात कापून नेणाऱ्या शेतकऱ्यांच्या होड्या त्याच्या नौकेवरून जातात, आणि त्यांचा विलाप त्याच्या कानी येतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पत्रात संपत्तीच्या समान वाटपाचा विचार त्याच्या मनास चाटून जातो. येथे एकांत निर्दोष राहत नाही. ज्यांच्याकडे तो करुणेने पाहतो त्यांच्याच खंडावर त्याची नौका तरंगत आहे. ही विसंगती त्या पत्रांत सुटत नाही. पण ती झाकलेलीही नाही.

आपल्याकडील समीक्षेत अशा लेखकाचे वर्णन करताना ‘साक्षी’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. सांख्यांचा पुरुष पाहतो; त्याला कशाचेच ओझे होत नाही. पद्मेवरचा हा निरीक्षक तसा नाही. त्याच्याजवळ नौकेत जिनीव्हाच्या अमिएलची दैनंदिनी होती, आणि त्या ग्रंथाविषयी त्याने अत्यंत जिव्हाळ्याने लिहिले आहे. अमिएलने सुमारे 17,000 पृष्ठांची दैनंदिनी मागे ठेवली. तिच्यात पाहणारे मन वारंवार स्वतःकडेच वळते, आणि कृतीच्या उंबरठ्याशी थबकते. रवींद्रनाथांना त्या ग्रंथात सखा भेटला. मार्ग मात्र त्यांनी तो धरला नाही. अमिएलची वही लिहिणाऱ्यापाशीच राहिली. रवींद्रनाथांचे पत्र टपालात पडले. त्याला पोहोचावयाचे होते.

पुढे पतिसरला रवींद्रनाथांनी शेतकऱ्यांसाठी पेढी काढली, श्रीनिकेतनात ग्रामोद्धाराचे कार्य आरंभिले. या कार्याचे सारे श्रेय पत्रांना देणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या मनाने ते कार्य हाती घेतले, त्याची घडण या पत्रांत दिसते. आणि ती गाळीव ‘छिन्नपत्रा’पेक्षा ‘छिन्नपत्रावली’त अधिक स्पष्ट दिसते.

1895 साली स्वतः रवींद्रनाथांनीच पुतणीकडे ही पत्रे मागितली होती. त्यांतील सौंदर्यानुभव निवडून उतारवयासाठी जपून ठेवावेत, असा त्यांचा हेतू होता. आपल्याच एकांताचे पहिले संपादक ते होते. ती निवड त्यांच्या अधिकारातली होती. पण वाचकाने, विशेषतः भाषांतरावर विसंबणाऱ्या वाचकाने, निवडीला संपूर्ण मानू नये. एकांताची किंमत तो किती निर्जन होता यावरून ठरत नाही; त्यातून कोण दिसले आणि ते कोणाला सांगितले गेले, यावरून ठरते.