फुलराणीचा रंग कोणता?

शालेय मार्गदर्शिकांनी आपल्या काव्यवाचनाला एक खोड लावून ठेवली आहे. कवितेत फूल दिसले की त्याचा रंग विचारायचा, आणि तांबडे म्हणजे प्रेम, पांढरे म्हणजे पावित्र्य, पिवळे म्हणजे मत्सर, असा हिशेब मांडून मोकळे व्हायचे. हा कोश व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, विलायती बागांतला. बर्फ वितळताच जिथे मातीतून एकदम रंग फुटतात, तिथे तो शोभतही असेल. आमच्या नगरकडचा वसंत निराळा. अकोले तालुक्याच्या डोंगरांत पळस पेटतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते आणि त्या केशरी फुलांना वासही नसतो; ते आमंत्रण पाखरांना असते. परसातला मोगरा उमलतो तो पांढरा, दिवेलागणीला. अंधारात रंग कुणाला दिसणार? तिथे सारे काम वासाचे.

याच नगरात रेव्हरंड टिळकांच्या घरी बालकवी ठोंबरे राहून गेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त ते भेटतातच. टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ हे गोड बिरुद देऊन ठेवले आहे. वास्तविक त्यांचे ‘वनवासी फूल’ कवीशी वाद घालते, आणि तोही एकांत बरा की समाज, या प्रौढ प्रश्नावर.

आता बालकवींची ‘फुलराणी’ घ्या. तिथे गवताला रंग आहे, हवेला आहे, सूर्यकिरणाला आहे. वऱ्हाडाच्या पोशाखांत आणि फेट्यांत तर रंगांची लयलूट आहे. पण खुद्द फुलराणीचा रंग कोणता? कवी तो सांगत नाही. मार्गदर्शिकेची इथे पंचाईत होते, आणि मला वाटते कवितेचे मर्मही इथेच आहे. ही कुमारिका वधू होते आहे. भोवतालचे रंग अर्थ घेतात तो या लग्नामुळे. आपल्याकडे हळदीच्या पिवळ्याला अर्थ येतो तो कोण कुणाला लावते यावरून. लेकीच्या हळदीने हात माखलेल्या आईला ‘पिवळे म्हणजे मत्सर’ हे सांगून पाहावे!

एक तक्रार मात्र आहे. वऱ्हाड रंगवताना बालकवींचा हात सैल सुटतो, नवरी क्षणभर बाजूला राहते आणि आपण फेटेच पाहत बसतो. लग्नघरी असे व्हायचेच, म्हणा.