कतारची 'सटल पॉवर': नाव दिलं म्हणजे स्पष्टीकरण झालं का?

संशोधन प्रस्ताव लिहिताना एक चूक बऱ्याच जणांकडून होते, माझ्याकडूनही झाली आहे. एखादी गोष्ट कळत नसली की तिला नवं नाव द्यायचं आणि स्पष्टीकरण दिलं असं समजायचं. ही चूक नेमकी कुठे होते हे पाहायला मेहरान कामरावा यांचं 'कतार: स्मॉल स्टेट, बिग पॉलिटिक्स' (२०१३) हे पुस्तक उपयोगी आहे. पुस्तक चांगलं आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

आधी प्रश्न बघू. जून १९९५ मध्ये शेख हमद यांनी वडील परदेशात असताना रक्तपात न होता सत्ता घेतली. तोवर कतार बराचसा सौदीच्या कलाने चालायचा. पुढच्याच वर्षी अल जझीरा सुरू झालं. इराणशी सामाईक असलेल्या वायूक्षेत्रातला वायू द्रवरूप करून जहाजांनी विकला जाऊ लागला. अल उदेदला अमेरिकेचा मोठा तळ आला, आणि त्याच देशात हमास आणि तालिबानच्या लोकांनाही जागा मिळाली. २००८ मध्ये लेबनॉनमधल्या गटांचा समझोता दोहात झाला. एवढ्याशा देशाला हे जमलं कसं?

कामरावा म्हणतात, ही ना लष्करी ताकद, ना निव्वळ सांस्कृतिक आकर्षण. ही 'सटल पॉवर', म्हणजे पडद्यामागून चालणारा प्रभाव. तिचे चार घटक: अमेरिकेचं संरक्षण, देशाचं ब्रँडिंग, सगळ्यांशी संबंध ठेवणारी मुत्सद्देगिरी आणि जगभरातली गुंतवणूक. 'पैसा आहे म्हणून जमलं' या आळशी उत्तरापुढे ते जातात, हे पुस्तकाचं बलस्थान. निर्णय घेणारी माणसं मोजकी आणि घरात संघटित विरोध नाही, म्हणून अमीर झटपट पवित्रा बदलू शकतो, हा भाग तर मला सर्वात पटला.

अडचण पुढे आहे. मध्यस्थी हा या शक्तीचा घटक, आणि ही शक्ती आहे याचा पुरावाही मध्यस्थीच! प्रयोगशाळेत आपण असं केलं तर गाइड वही परत देतील. कारण आणि परिणाम वेगवेगळे मोजता आले पाहिजेत.

दुसरं, कंट्रोल. ओमानकडे कतारइतका पैसा नाही, अल जझीराही नाही. तरी अमेरिका आणि इराणची गुप्त बोलणी ओमाननेच घडवून आणली. म्हणजे मध्यस्थीसाठी चारही घटक लागतातच असं नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुस्तक आलं त्याच वर्षी हमद यांनी गादी मुलाकडे, तमीम यांच्याकडे दिली. पुढचं भाकीत केलं नाही म्हणून लेखकाला दोष देता येत नाही, पण संकल्पना नव्या डेटावर तपासायलाच हवी. जून २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली. त्यांच्या १३ मागण्यांत अल जझीरा बंद करा आणि इराणशी संबंध कमी करा या दोन होत्या. म्हणजे ब्रँडिंग आणि मुत्सद्देगिरी, ज्यांना शक्ती म्हटलं, त्यांनीच संकट ओढवून घेतलं. तारलं ते वायूच्या पैशाने, तुर्कस्तानच्या मदतीने आणि इराणच्या मोकळ्या हवाई हद्दीने. जानेवारी २०२१ मध्ये मागण्या मान्य न करताच वाद मिटला.

२०२५ मध्ये तर जूनला इराणने अल उदेदवर क्षेपणास्त्रं सोडली आणि सप्टेंबरमध्ये इस्रायलने दोहात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. तळ असूनही आणि मध्यस्थ असूनही. मग हे चार घटक एकाच शक्तीचे भाग कसे? कधी ते एकमेकांना बळ देतात, कधी एकमेकांच्या पायात पाय घालतात. कधी काय होतं, हे या संकल्पनेतून कळत नाही.

आणखी एक नोंद. लेखक त्या काळात जॉर्जटाउन विद्यापीठाच्या दोहामधल्या शाखेत होते, आणि ती शाखा कतार फाउंडेशनच्या पैशावर चालते. यामुळे युक्तिवाद खोटा ठरत नाही, पण वाचताना हे माहीत असावं.

आता तुमच्या प्रस्तावातली मुख्य संकल्पना घ्या आणि एका ओळीत लिहा: काय दिसलं तर ही चुकीची ठरेल? ओळ सुचली नाही, तर गाइडकडे जाण्याआधी अजून एक आठवडा घ्या.