तंजावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ व मराठी प्रहसनविचार

विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ त सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेथपासून मराठी नाटकाचा इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. तंजावरच्या पोथ्यांपुढें तो टिकत नाहीं. तेथें शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४–१७१२) वेळेपासून मराठी नाटकें रचिलीं जात होतीं. हा राजवंश व्यंकोजींचा; आणि त्यांचे पिते थोरले शहाजी हे आमच्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचे जांवई. तेव्हां बुलढाणेकरांस हा विषय परका वाटूं नये.

याच वंशांतील दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांची ‘देवेंद्र कुरवंजी’ येथें विचारार्थ घेतली आहे. कुरवंजी हा तमिळ देशांतील गीतनृत्यप्रधान नाट्यप्रकार. त्यांत भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री विरहिणी नायिकेचा हात पाहते, आपल्या मुलुखाची बढाई गाते; पुढें तिला धुंडीत फिरणारा तिचा पारधी नवरा प्रेक्षकांस हंसवितो. सरफोजींची कुरवंजी मात्र साक्षात् इंद्राणीस पदांतून जगाचा भूगोल सांगते.

भरतानें प्रहसनाचे शुद्ध व संकीर्ण असे दोन भेद केले. महेंद्रवर्म्याच्या ‘मत्तविलासां’तील हास्य दांभिकांच्या फजितीवर उभें आहे. येथें फजिती कोणाचीच नाहीं. अनौचित्य हें हास्याचें मूळ, असें अभिनवगुप्ताचें मत. स्वर्गींच्या राणीस रानांतल्या बाईनें पृथ्वी शिकवावी, याहून मोठें अनौचित्य कोणतें? शिवाय १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे जाऊन ज्याच्या हातीं किल्ला व लगतचा थोडा प्रदेश उरला, त्या राजानें सारी पृथ्वी गाण्यांत मांडावी, हें पाहून हंसूं येतें आणि तें ओठांवरच थांबतें.

दोषहि सांगितला पाहिजे. शिकविण्याचा हेतु बळावला कीं विनोद मागें पडतो. भूगोलाचें ओझें घेऊन कुरवंजीस नाचतां येत नाहीं. तरीहि विनोदास विद्येचें वाहन करण्याचा हा यत्न मराठींत भाव्यांच्या पूर्वींचा आहे, हें विसरतां येणार नाहीं.

सरस्वतीमहालानें पोथ्या जपल्या, म्हणून एवढें बोलतां आलें. आपण सनदा व वंशावळी आदरानें ठेवतों. लळितांतील वासुदेव-गोंधळ्यांच्या सोंगांचीं पदें असलेलें बाड मात्र टाकाऊ समजून बाजूस सारतों. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, अशा बाडाचा आद्यंत भाग, लेखकाचें नांव व लेखनशक तरी आपल्या यादींत उतरून घ्यावा. सनदेंतून जमिनीचा धनी कळतो; त्या जमिनीवरचीं माणसें कशास हंसत होतीं, हें या बाडांवांचून कळणार नाहीं.