‘कॅसल रॅकरेंट’ : बोलीचा निवेदनाधिकार

मराया एजवर्थकृत ‘कॅसल रॅकरेंट’ (१८००) ही आयरिश कादंबरी इंग्रजीतील प्रादेशिक कादंबरीचा आरंभ मानली जाते. तथापि प्रदेशचित्रण हा तिचा गौण विशेष होय. रॅकरेंट घराण्यातील चार जमीनदारांच्या ऱ्हासाची कथा त्यांचा निरक्षर कारभारी थेडी आपल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत सांगतो. धन्यांची स्तुती करता करताच त्यांची उधळपट्टी उघडी पाडतो. प्रमाण इंग्रजीतील संपादकीय टीपा व शब्दसूची त्या बोलीचा अर्थ सांगतात, पण तिची जागा घेत नाहीत. एजवर्थचा आदर्श मान्य करणाऱ्या स्कॉटने मात्र ‘वेव्हर्ली’त (१८१४) बोली संवादापुरती ठेवून निवेदन प्रमाणभाषेकडे सोपविले. म्हणजे परंपरेच्या अग्रणीनेच ह्या कृतीचे मुख्य धाडस टाळले. वाङ्मयेतिहासाने तिची नोंद केवळ स्कॉटची पूर्वसूरी म्हणून करणे, हे म्हणूनच अपुरे ठरते.