पळसाचा हरवलेला रंग

छायाचित्र म्हणजे डोळ्यांची साक्ष, असे आपण गृहीत धरतो. पण जे डोळ्यांना दिसतच नाही त्याचे छायाचित्र निघू लागले, म्हणजे ही साक्ष कोणाची मानावी? डिजिटल कॅमेऱ्यामुळे अवरक्त छायाचित्रण आता हौशी मंडळींच्याही आटोक्यात आले आहे. त्याचे कौतुक पुष्कळ होते. त्याची पारखही व्हावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगापलीकडेही काही आहे, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने दाखविले. १९१० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी त्या प्रकाशात टिपलेली निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. झाडे हिमासारखी शुभ्र आणि आकाश काळेभोर! हा प्रकाश शरीराच्या उष्णतेचा नव्हे, सूर्याचाच. हिरव्या पानातील हरितद्रव्य तो शोषीत नाही आणि पानाची अंतर्रचना तो मोठ्या प्रमाणात परतवते. म्हणून पान पांढरे उमटते. पाणी तो शोषून घेते, म्हणून नदी काळी दिसते.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला हा प्रकाश मुळातच जाणवतो. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर डोळ्यांना न दिसणारा ठिपका पुष्कळदा पडद्यावर लुकलुकतो. हा प्रकाश अडविण्यासाठी संवेदकापुढे एक काच बसविलेली असते. हौशी छायाचित्रकार ती काढवून घेतो किंवा भिंगावर ७२० नॅनोमीटरचा गडद फिल्टर चढवून, कॅमेरा तिपाईवर ठेवून, काही सेकंद धीर धरतो. पुढे संगणकावर तांबड्या-निळ्याची अदलाबदल केली की आकाश पुन्हा निळे होते आणि झाडे मात्र स्वप्नातल्यासारखी पांढरीच राहतात.

हीच दृष्टी पुसदच्या परिसराला लावून पाहू. श्रावणातले सागवान, पूस नदीचे पात्र, डोंगरांवरचे ढग यांचे असे चित्र मोहक होईल, यात शंका नाही. विदर्भात बर्फ पडल्याचा भास होईल. परंतु फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा काय होईल? ज्या केशरी रंगासाठी आपण त्या झाडापाशी थांबतो, तोच रंग नाहीसा होऊन फुले फिकट, पांढुरकी उमटतील. तंत्राने एक गोष्ट दिली आणि दुसरी काढून घेतली. काय काढून घेतले याचे भान ज्याला नाही, त्याच्या चित्रात चमत्कार उरतो, आशय उरत नाही.

याहून गंभीर उदाहरण कपाशीचे आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीने घाला घातला. ही अळी बोंडाच्या आत राहून पीक खाते. वरची पाने हिरवी असू शकतात. अशा शेताचे अवरक्त चित्र घेतले असते, तर ते शुभ्र आणि समृद्ध दिसले असते. तणाने भरलेले रानही तसेच दिसते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले, तिथे नुकसान झालेल्या शेताला स्वप्नाचे रूप देणारे चित्र आम्हांला निरागस वाटत नाही.

मग हे तंत्र टाकाऊ आहे काय? तसे नाही. आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतील युद्धभूमी अवरक्त फिल्मवर टिपली. 'द एन्क्लेव्ह' ही त्यांची कलाकृती २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. दडवलेले शत्रू शोधण्यासाठी सैन्याने वापरलेल्या त्या प्रकारच्या फिल्मवर हिरवे रान गुलाबी होते. यातनेला गुलाबी रंग द्यावा काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो पूर्णपणे खोडता येणार नाही. तरीही तिथे रंगाची निवड विषयातून आली आहे: जगाने न पाहिलेले युद्ध, न दिसणाऱ्या प्रकाशात. तो गुलाबी रंग पाहणाऱ्याला सुखावत नाही, अस्वस्थ करतो.

१९८८ साली सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहातही अवरक्त प्रकाश टिपण्याची सोय होती. निरोगी पीक तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त परतवते. पीक खचले की ही तफावत घटते. उपग्रहचित्रांतील रंगही खरे नसतात. पण कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे अभ्यासकाला सांगितलेले असते. म्हणून त्या खोट्या रंगांतून खरी माहिती मिळते.

हौशी कलावंताकडूनही आमची अपेक्षा एवढीच आहे. चित्राखाली ते कोणत्या प्रकाशात घेतले हे लिहावे. शक्य तर शेजारी साधे चित्र ठेवावे. पुसदच्या एखाद्या टेकडीवरचे तेच सागवान श्रावणात आणि मग पानगळीनंतर वैशाखात, त्याच फिल्टरमधून कोणी टिपले, तर शुभ्र पालवी आणि उघड्या फांद्या शेजारी येतील. पान गेल्यावर झाडाचे काय जाते, हे ती जोडी दाखवील. असे काम कोणी करील, तर आम्ही ते आवर्जून पाहू.