असंतोषाचा जमाखर्च

दिवाळी अंकात संगणकावरच्या खेळाचे परीक्षण लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात भलताच जिन्नस वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. कादंबरी, नाटक, फार तर एखादा बोलपट, एवढ्यांनाच टीकेचा मान द्यायचा अशी आपली रीत. पण ज्या खेळापुढे घरातली शहाणीसुरती मुले जेवणखाण विसरून बसतात, आणि राज्य कसे चालवावे याचे धडे जो त्यांना नकळत देतो, तो कादंबरीइतकाच कसून का तपासू नये? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना इतिहास शिकवताना आणि कादंबऱ्या लिहिताना राजेरजवाड्यांशी जी ओळख झाली तेवढ्याच भांडवलावर मी बोलते आहे. भाच्याच्या संगणकावर हा खेळ मात्र मी पुष्कळ खेळले आहे.

त्याचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली अमेरिकेत तयार केला. १९९६ साली ब्रायन रेनॉल्ड्स यांनी रचलेला दुसरा खेळ निघाला. पुढे जे लिहिते ते मुख्यतः या दुसऱ्याविषयी. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी खेळणाऱ्याच्या हाती मूठभर माणसे येतात. त्यांच्याकडून गावे वसवायची, शेते कसायची, विद्या शोधायच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करायचे, आणि आयुष्य पुरले तर अखेर अंतराळयान सोडायचे. (आयुष्य पुरतेच, त्याविषयी पुढे.) लढायांच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते राज्यपद्धतीची निवड आणि प्रजेची नाराजी या दोन गोष्टींविषयी, कारण या खेळाचा सगळा प्राण तेथे आहे असे मला वाटते.

कोणतेही शहर उघडावे, तर आत नागरिकांची एक रांग उभी दिसते. काही सुखी, काही समाधानी, काही असंतुष्ट. शहर लहान असते तोवर सारे समाधानी असतात. ठरावीक संख्या ओलांडली की पुढे येणारा प्रत्येक माणूस असंतुष्टच जन्माला येतो. असंतुष्टांची संख्या सुखी माणसांपेक्षा एकानेही वाढली की शहरात दंगल. कर बंद, कारखाने बंद. यावर उपाय पुष्कळ आहेत. देऊळ बांधावे, बाजार बांधावा, क्रीडागार बांधावे. रोमन सम्राट टायटसने इ. स. ८० मध्ये कोलोसियमचे दार उघडले तेव्हा त्याच्या मनात जे होते तेच. किंवा शेतावरचा एक माणूस उचलून त्याला करमणूक करणारा करावा. आधुनिक काळात हा गृहस्थ थेट एल्व्हिस प्रेस्लीसारखा दिसतो, हा रचनाकारांचा विनोद मला आवडला. किंवा तिजोरीतला काही भाग चैनीसाठी काढावा; दोन मापे चैन वाटली की एक समाधानी माणूस सुखी होतो.

आता यातली मेख पाहा. दंगल टाळण्यासाठी असंतुष्टांचे दुःख दूर करावेच लागत नाही. दहा माणसांच्या शहरात तीन असंतुष्ट असतील तर भलत्याच तिघांना सुखी करा, हिशेब मिटला. एकाच्या हसण्यात दुसऱ्याचे रडणे वळते करून घेता येते. खेळणारा हे लवकर शिकतो आणि मग त्या तिघांकडे पुन्हा पाहतही नाही. त्यांना काय हवे होते, धान्य, न्याय की आणखी काही, हे खेळ सांगत नाही, आणि खेळणाऱ्याने विचारायचे ठरवले तरी विचारण्याची सोय नाही. दुःखी माणसाच्या तोंडून दुःखाचे कारण ऐकावे म्हणून आम्ही लिहिणारे तीनतीनशे पाने खर्ची घालतो. येथे त्याला तोंडच नाही, नुसता चेहरा आहे. तरीही ही रचना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कारभाराच्या उंच खुर्चीवरून माणसे बहुधा अशीच दिसत असावीत.

राज्यपद्धतींची मांडणी याहून सरस आहे. येथे फुकट काहीच मिळत नाही आणि प्रत्येक पद्धत आपली किंमत वेगळ्या खिशातून काढते. आरंभीच्या निरंकुश सत्तेत ती जमीन देते: ज्या तुकड्यात तीन किंवा अधिक पिकते त्यातले एक नाहीसे होते. राजेशाहीत तो दंड नसतो आणि शहरात पलटणी ठेवल्या की एकेक पलटण एकेका असंतुष्टाला गप्प बसवते. (राजेशाहीचा शोध लागण्यापूर्वी अंत्यविधी आणि कायदा या दोन विद्या आधी शिकाव्या लागतात, ही जोडी ज्याला सुचली तो माणूस इतिहास वाचलेला आहे.) साम्यवादात तीच पलटण दोघांना गप्प करते. प्रजासत्ताकात व्यापार फुलतो, पण पलटणीच्या धाकाने कोणी गप्प बसत नाही. उलट फौज वेशीबाहेर गेली की घरी असंतोष वाढतो. लोकशाहीत पैसा सर्वांत जास्त आणि भ्रष्टाचार शून्य. मात्र बाहेर गेलेल्या एकेका पलटणीमागे दोन माणसे असंतुष्ट होतात, सिनेट तुमच्या डोक्यावरून परस्पर तह करते, आणि एका शहरातली दंगल दोन फेऱ्या उलटूनही शमली नाही तर अख्खे सरकार कोसळून अराजक माजते.

सैनिक परदेशी गेला की घरातले कोणी तरी रात्री जागे असते, आणि लोकशाहीत त्या जागणाऱ्या माणसाला मोजावे लागते, ही गोष्ट रचनाकारांना कळली आहे. या जाणिवेबद्दल मी त्यांना मनापासून गुण देते. पण लोकशाहीतली प्रजा स्वभावतःच युद्धाला विटलेली असते हे त्यांचे गृहीत मला पटत नाही. इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अथेन्सच्या सभेपुढे सिसिलीवर स्वारी करावी की नाही हा प्रश्न आला. निसियस नको म्हणत होता, अल्सिबायडीझ हवीच म्हणत होता. नागरिकांनी हौसेने स्वारीचा कौल दिला. दोन वर्षांनी, ४१३ मध्ये, ते सारे आरमार आणि सैन्य सिसिलीत नष्ट झाले, आणि ४११ मध्ये चारशे जणांच्या एका गटाने अथेन्सची लोकशाहीच उलथून टाकली. खेळातही लोकशाही कोसळते, पण खेळणाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेपायी, प्रजेच्या मर्जीविरुद्ध. प्रजाच युद्धासाठी हट्ट धरून बसली आहे आणि राज्यकर्ता तिला आवरतो आहे, असा प्रसंग या खेळात कधी येत नाही. तो असता तर खेळ अधिक अवघड झाला असता, आणि अधिक खराही.

दुसऱ्या खेळात एक राज्यपद्धती नव्याने आली, ती धर्मांधांची. तिच्यात असंतुष्ट माणूस उरतच नाही. जी देवळे एरवी लोकांना शांत ठेवण्यासाठी पैसा खातात तीच आता पैसा देऊ लागतात. फक्त विद्या निम्म्यावर येते. एवढी एक ओळ रचनाकारांनी निर्विकारपणे लिहून ठेवली आहे आणि भाष्य केलेले नाही. सबंध खेळात मला हीच जागा सर्वांत साहित्यिक वाटते.

उलट जगातली आश्चर्ये निर्माण करताना त्यांचा हात ढिला पडला आहे. शेक्सपियरचे नाट्यगृह ज्या शहरात उभे राहील तेथे एकही माणूस असंतुष्ट राहत नाही. लेखकाची एवढी थोरवी गायलेली पाहून मीही क्षणभर सुखावले. पण पट्टीचे खेळाडू या शहराचे काय करतात? लोकशाहीतल्या लढाऊ पलटणी ते याच शहराच्या खर्चाने पोसतात, म्हणजे त्या कितीही दूर लढत राहिल्या तरी घरी कोणी कुरकुरत नाही. नाटक ही झोपेची गोळी झाली! आणि तीही कोणाची? फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या पक्षपात्यांनी शेक्सपियरच्या नाटकमंडळीला पैसे देऊन दुसऱ्या रिचर्ड राजाचे नाटक मुद्दाम लावायला सांगितले. त्या नाटकात राजाला पदच्युत करतात. दुसऱ्याच दिवशी एसेक्सने एलिझाबेथ राणीविरुद्ध बंड पुकारले. बंड फसले आणि त्याच महिन्यात त्याचे डोके उडाले. नाट्यगृह काय करू शकते याची जाण त्या बंडखोरांना या खेळाच्या रचनाकारांपेक्षा जास्त होती.

स्त्रियांच्या मताधिकाराचे तर हसावे की रडावे कळत नाही. हे आश्चर्य मिळवले की तुमच्या प्रत्येक शहरात एकेक पोलीस ठाणे असल्याचा गुण लाभतो, म्हणजे फौज बाहेर गेल्याने होणारी कुरकुर कमी होते. ज्या बायका मतासाठी इंग्लंडात तुरुंगात गेल्या, त्यांच्या विजयाचे फळ पोलीस ठाणे! अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली स्त्री जॅनेट रँकिन. तिने १९१७ आणि १९४१ या दोन्ही वेळी युद्धाविरुद्ध मत दिले. मत हाती आलेल्या बाईचा हा नमुना हिशेबात धरला असता तर आकडा उलट्या बाजूला मांडावा लागला असता.

आणि मत म्हटल्यावर लक्षात येते की या लोकशाहीत निवडणूक नाहीच. सरकार बदलायचे ते खेळणाराच बदलतो. क्रांतीची आज्ञा तोच देतो, काही फेऱ्या अराजक सोसतो (स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बांधला असेल तर तेही नाही), आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसतो. आयुष्य पुरते असे वर म्हटले ते याच अर्थाने. भारताचा नेता म्हणून येथे महात्मा गांधी आहेत. ज्यांनी कोणतेही सरकारी पद घेतले नाही, काँग्रेसचे अध्यक्षपदही एकदाच, १९२४ मध्ये बेळगावला स्वीकारले, ते या खेळात सहा हजार वर्षे गादीवर आहेत. प्रजेच्या हाती असंतोषाखेरीज दुसरे काही ठेवलेलेच नाही. ती दंगल करू शकते, लोकशाही पाडू शकते, पण तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. माझ्या मते खेळाचा सर्वांत मोठा दोष हाच, आणि तो दूर केला तर खेळच उरणार नाही हेही खरे.

पुढे आणखी खेळ निघाले. २०१० च्या पाचव्या खेळात साऱ्या देशाच्या सुखदुःखाचा मिळून एकच आकडा केला आणि तो पडद्याच्या माथ्यावर टांगला. खेळणाऱ्याची सोय झाली. १९९६ च्या खेळात निदान कोणत्या गावात किती चेहरे काळवंडले आहेत हे पाहायला त्या गावाची खिडकी उघडावी लागे, आणि मोठे राज्य झाले की अशा तीसतीस खिडक्या उघडताना मध्यरात्र होई. भाचा त्याला कंटाळतो. मी अजून तोच खेळते.