लाल वेढ्यांचा पिझ्झा

न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावर ओशन सिटी नावाचे गाव आहे. तिथल्या लाकडी फळ्यांच्या विहारमार्गावर, ज्याला सारे अमेरिकन बोर्डवॉक म्हणतात, एखाद्या पिझ्झाच्या दुकानाच्या खिडकीपाशी आपण उभे राहिलो, की नजर आधी भट्टीकडे जात नाही. ती जाते एका नळीकडे. कणकेची पातळ चकती पसरून झालेली असते, तिच्यावर किसलेल्या चीजचा थर अंथरलेला असतो, आणि मग कारागीर ती नळी हाती घेऊन टोमॅटो सॉसची एक सलग धार त्या फिकट पृष्ठभागावर गोल गोल फिरवत नेतो. जिलबी घालणाऱ्या हलवायाच्या मनगटात जी न बिचकणारी लय असते, तीच इथे आहे. हात थबकला तर तिथे थेंब साचेल आणि घाई झाली तर रेघ तुटेल. काही क्षणांत लाल वेढे उमटतात, त्यांच्या मधून चीजचे उघडे पट्टे दिसत राहतात, आणि पिझ्झा भट्टीत जाण्यापूर्वीच आपले डोळे निम्मे तृप्त झालेले असतात.

हे दृश्य ज्या दुकानाशी विशेष जोडले गेले आहे, ते म्हणजे मॅन्को अँड मॅन्को. १९५६ साली हे दुकान मॅक अँड मॅन्को या नावाने सुरू झाले आणि २०११ पर्यंत तेच नाव दारावर होते. किनारपट्टीच्या गावात दुकाने लाटांसारखी येतात नि जातात, असा आपला समज असतो. त्या समजाला छेद देत एकच रेघ सहा दशकांहून अधिक काळ रोज, अखंड, त्याच वळणाने ओढली जात आहे, ही गोष्टच मुळात रसिकाने थांबून पाहावी अशी आहे.

आता त्या रेघेकडे थोडे अधिक निरखून पाहू. इथे क्रम उलटा आहे. आपल्या परिचयाच्या पिझ्झात सॉस खाली पसरतो आणि त्याच्यावर चीज वितळते. इथे चीज खाली आणि टोमॅटो वर. ही लहर नव्हे, हा वारसा आहे. न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन इथे, इटलीहून आलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टोमॅटो पाय नावाचा जो प्रकार रुजवला, त्याचा धर्म हाच: आधी चीज, मग टोमॅटो. १९१२ साली तिथे सुरू झालेले पापाज हे दुकान आता शेजारच्या रॉबिन्सव्हिलमध्ये हीच रीत जपून आहे. ट्रेंटनच्या तापलेल्या गल्ल्यांतून माणसे उन्हाळ्यात किनाऱ्याकडे येत, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची चवही आली, असे मानायला हा उलटा क्रम आपल्याला पुरेसा आधार देतो.

या उलटेपणात केवढे शहाणपण आहे, ते घास घेतल्यावर उमगते. चीज थेट कणकेवर वितळते, तिला बिलगते, आणि त्याच्यातल्या स्निग्धतेचा एक पातळ पडदा तयार होतो. वरच्या टोमॅटोचे पाणी त्या पडद्याला ओलांडून सहजासहजी खाली झिरपत नाही, त्यामुळे तळ ओलसर न होता ताठ राहतो. उलट वर उघड्यावर असलेला सॉस भट्टीची धग अंगावर घेतो, किंचित आटतो, गोडीला येतो, पण झाकला न गेल्यामुळे त्याचा आंबटपणा कोमेजत नाही. खाताना टोमॅटो आधी ओठांना भेटतो, चीज मागाहून सावकाश येते, आणि शेवटी कणकेची खरपूस, जराशी करपलेली चव जिभेवर रेंगाळते. तीनच पदार्थ, पण त्यांच्या प्रवेशाचा क्रम बदलला आणि सारा प्रयोगच नवा झाला!

आणि हा सॉस सगळीकडे सारखा पसरलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या हाती येते ती त्रिकोणी स्लाइस. वर्तुळाकार वेढे तिच्यात कापले गेल्यामुळे तिच्यावर लाल कमानींची एकामागून एक ओळ उभी असते. टोकापासून काठाकडे खात जाताना एक घास टोमॅटोचा प्रखर लागतो, पुढचा चीजचा सौम्य, मग पुन्हा टोमॅटो. या किनाऱ्यावरच्या काही दुकानांत मोझरेलाऐवजी किंवा तिच्या जोडीला चेडर वापरण्याची परंपरा आहे. त्या चीजचा खारट, किंचित तीक्ष्ण स्वर या सौम्य घासांतही एक धार ठेवतो. एकसुरीपणाचा कंटाळा येऊ नये याची तजवीज पाककर्त्याने मसाल्यांच्या राशी न ओतता केवळ रेघांमधल्या मोकळ्या जागेने केली आहे, आणि अशी काटकसरीची कल्पकता पाहिली की आपल्यातला रसिक मनोमन मान डोलावतो.

कणकेचा विचार मात्र आपण पायांपासून करायला हवा, कारण हा पिझ्झा चालता चालता खाण्यासाठी जन्मला आहे. नेपल्सचा पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत जेमतेम साठ ते नव्वद सेकंद राहतो. त्याचा मध्यभाग इतका मऊ असतो की ताटात ठेवून सुरी-काट्याने खाणेच सोयीचे. बोर्डवॉकवर ताट नाही, टेबल मिळेलच असे नाही, एका हाताला पोराचे बोट आहे आणि दुसऱ्या हातात कागदी बशी. तिथे तसा नाजूकपणा परवडणारा नाही. म्हणून इथली भट्टी कमी तापमानाची, पिझ्झा तिच्यात काही मिनिटे निवांत भाजणारी. म्हणून इथली कणीक पातळ, पण लांबीला दुमडली तरी न तडकणारी. त्यातही एकेक स्लाइस मागणाऱ्यासाठी ती पुन्हा क्षणभर भट्टीत सरकवली जाते, आणि या दुसऱ्या आचेने तळाला जो कुरकुरीतपणा येतो, तो पहिल्या भाजणीत कधीच नसतो. अख्खा पिझ्झा मागवणाऱ्या सुखवस्तू कुटुंबाला जे मिळत नाही, ते एका स्लाइसच्या धन्याला मिळते.

चालण्याची ही सोय ज्या फळ्यांनी केली, त्यांचीही कथा मजेची आहे. बोर्डवॉकची कल्पना शेजारच्या अटलांटिक सिटीत १८७० साली साकारली, ती सौंदर्यासाठी नव्हे. समुद्रावरून परतणाऱ्यांच्या पायांची वाळू हॉटेलांच्या दिवाणखान्यांत नि रेल्वेच्या डब्यांत येऊ नये, एवढ्यासाठी. वाळू झटकण्याच्या या उपायातून एक संपूर्ण संस्कृती उभी राहिली. ओशन सिटीची अशी वाट सुमारे चार किलोमीटर लांब आहे, आणि तिच्यावरून संध्याकाळी चालताना कॅरॅमल लावलेल्या पॉपकॉर्नचा, सॉल्ट वॉटर टॅफीचा नि खाऱ्या वाऱ्याचा गंध ओलांडून भाजल्या कणकेचा वास जेव्हा आपल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा दुकानाची पाटी वाचायची गरजच उरत नाही.

या गावाचा आणखी एक विशेष पिझ्झाच्या चवीत अदृश्यपणे मिसळला आहे. ओशन सिटीची स्थापना १८७९ साली मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी केली, आणि तेव्हापासून गावात मद्यविक्रीला मनाई आहे. ती आजही टिकून आहे. पिझ्झा आणि बिअर ही अमेरिकेची लाडकी जोडी इथे फुटते. तिच्या जागी येते बर्च बिअर, जिच्यात मद्याचा अंशही नाही, आणि ग्लासभर बर्फ घातलेले लिंबू सरबत. त्यामुळे दुकानाच्या बाकांवर रात्री उशिरापर्यंत आजी-आजोबा दिसतात, झोपेने पेंगुळलेली मुले दिसतात. मद्यपानाचा आधार नसताना जो पदार्थ गर्दी खेचतो, त्याला स्वतःच्या पायावर उभे राहावेच लागते.

एडिसन, पार्सिपनी अशा न्यू जर्सीच्या गावांतून राहणारी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात गार्डन स्टेट पार्कवेने याच किनाऱ्यांकडे उतरतात, त्यांनाही हे वातावरण मानवते. दुपारी वाळूवर घरून आणलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दडपे पोहे होतात; संध्याकाळी डबे रिकामे झाले की पिझ्झाची पाळी. मांस न खाणाऱ्या ज्येष्ठांना इथे वेगळी चौकशी करण्याचे कारण पडत नाही, कारण या किनाऱ्याची शान असलेली स्लाइस म्हणजे प्लेन, केवळ चीज नि टोमॅटोची. काउंटरवर ठेवलेली लाल मिरचीच्या भरडीची बाटली एखाद्या आजींच्या हाती आली, की त्या स्लाइसला जो रंग चढतो तो ट्रेंटनच्या कोणत्याही घराण्यात बसणारा नसतो, पण शोभतो मात्र खासच.

खाणाऱ्यांत पंख असलेलेही आहेत. ओशन सिटीतले समुद्रपक्षी इतके धीट झाले होते, की लोकांच्या हातांतून खाऊ पळवीत. २०१९ च्या उन्हाळ्यात गावाने त्यावर नामी उपाय योजला: प्रशिक्षित ससाणे आणि इतर शिकारी पक्षी घेऊन पक्षिपालकांना बोर्डवॉकवर नेमले. कुणाला इजा करायची नाही, नुसते आकाशात दिसायचे, आणि तेवढ्याने चोरट्यांचा धीर खचायचा. एखाद्या पदार्थाच्या रक्षणासाठी नगरपालिकेने ससाणा ठेवावा, याहून मोठी मानवंदना त्या पदार्थाला कोणती?

आता जरा दृष्टी विस्तारून आजूबाजूच्या गावांकडे पाहावे, म्हणजे एकाच रीतीला किती तऱ्हा फुटतात ते कळेल. दक्षिणेला वाइल्डवुड आहे. तिथला किनारा इतका रुंद, की बोर्डवॉकवरून समुद्र गाठेपर्यंत पाय दमावेत. तिथे पिवळ्या ट्रामगाडीतून ‘कृपया ट्रामगाडीकडे लक्ष द्या’ असे विनवणारा ध्वनिमुद्रित आवाज ऐकत आपण मॅक्सच्या किंवा १९५७ पासूनच्या सॅम्सच्या दारी पोहोचतो. उत्तरेला सीसाइडच्या किनाऱ्यावर मारुकाज आहे, १९५० पासूनचे. तिथेही लाल वेढे आहेतच. २०१२ च्या सँडी वादळाने हा किनारा मोडला, त्यातून सावरतो न सावरतो तोच २०१३ च्या सप्टेंबरात लागलेल्या आगीत तिथला बोर्डवॉक आणि मारुकाजची जागा दोन्ही जळाली. दुकान पुढे सीसाइड हाइट्समध्ये पुन्हा उभे राहिले. जागा जळाली, पण रेघ ओढणारा हात शाबूत होता. आणखी उत्तरेला ब्रॅडली बीचमध्ये १९४७ सालचे व्हिक्स आहे. तिथे वेढे नाहीत, चालत खाणेही नाही. तिथे बसून खाण्याचा, कागदासारखा पातळ, कडेपर्यंत कुरकुरीत पिझ्झा आहे. जवळच नेपच्यून सिटीतल्या पीट अँड एल्डाजमध्ये तशाच पातळ जातीचा सर्वांत मोठा पिझ्झा एकट्याने संपवणाऱ्याला टी-शर्ट बहाल होतो, आणि तो अंगावर मिरवणारे वीर किनाऱ्यावर भेटतात.

मग यांतले सर्वोत्तम दुकान कोणते? लांबच लांब रांग पाहून ते ठरवू नये. रांग उन्हाळ्याची असते, मेअखेरीस लागते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर ओसरते. त्यापेक्षा खुणा वाचाव्यात. पहिल्याने प्लेन स्लाइसच मागावी, कारण भाज्यांच्या गर्दीत दोष लपतात. तिचा तळ उलटून पाहावा. तिथे तपकिरी ठिपके समान उमटले असतील तर भट्टीवर कुणाचे तरी लक्ष आहे. दुमडल्यावर टोक खाली लोंबते की तोल धरते ते पाहावे. सॉस चाखताना साखर पुढे येते की टोमॅटो, ते जिभेला विचारावे. काचेमागे स्लाइस फार वेळ ताटकळत पडल्या नसाव्यात. आणि कारागिराकडे एकवार पाहावेच: गर्दी वाढली म्हणून त्याचे वेढे विरळ झाले, की आपण पुढच्या दुकानाकडे निघावे.

एवढे करूनही निर्णय होणार नाही, आणि तो न होण्यातच या शोधाची गोडी आहे. या किनाऱ्यावरची घराणी आपापल्या दुकानाची बाजू पिढ्यानपिढ्या लढवीत आली आहेत. ज्याने लहानपणी वाइल्डवुडला उन्हाळे काढले, त्याला ओशन सिटीची स्लाइस पटवून देणे ब्रह्मदेवालाही जमायचे नाही. म्हणून आपणही एकाच संध्याकाळी दोन दुकानांची प्रत्येकी एक प्लेन स्लाइस घ्यावी, सोबत्याबरोबर निम्मी निम्मी वाटून खावी, आणि मग वाद घालावा. एकमत झाले तर आनंदच. मतभेद झाला तर त्याहून अधिक आनंद मानावा, कारण मतभेद होण्याइतके बारकाईने आपण दोघांनीही खाल्ले, याची ती पावती आहे.